चुना, खळ आणि पाणी : जुन्नरी कागदाचे संवर्धन

जुने ते जीर्ण आणि नवे ते टिकाऊ हा सर्वसाधारण समज कागदाच्या बाबतीत पुष्कळदा उलटा ठरतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील वतनदार घराण्यांच्या पेट्यांत पेशवाईतील मोडी कागद आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छापलेले एखादे मराठी पुस्तक शेजारी शेजारी ठेवलेले असेल, तर दोनअडीचशे वर्षांचा मोडी कागद बहुधा घडीवर न तुटता उलगडतो आणि ऐंशी वर्षांच्या पुस्तकाचे पान मात्र कोपरा दुमडताच हातात येते. या विसंगतीचे कारण दोन्ही कागद ज्या रीतीने तयार झाले त्या रीतीत असते, आणि ते समजल्याखेरीज कागद व पुस्तके यांच्या संवर्धकाला, म्हणजे जीर्ण कागदाचा ऱ्हास थांबवून तो पुन्हा हाताळण्याजोगा करणाऱ्या तज्ज्ञाला, कामाचा आरंभही करता येत नाही. जुन्नरच्या संदर्भात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, कारण महाराष्ट्रातील दप्तरखान्यांत आज जे कागद जपले जातात त्यांतील बरेचसे ज्या कागदावर लिहिले गेले तो कागद याच गावात तयार होत असे.

नाणेघाटातून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर वसलेले जुन्नर मध्ययुगातही सत्तेचे ठाणे होते. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारून निजामशाही स्थापन केली ती येथूनच, आणि त्याने पुढे अहमदनगर वसवून राजधानी तिकडे हलवली तरी शिवनेरीच्या पायथ्याचे हे शहर कारभाराचे आणि व्यापाराचे केंद्र राहिले. जेथे कारभार असतो तेथे कागदाची मागणी असते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याप्रमाणेच जुन्नरलाही हातकागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांची वस्ती होती. या कारागिरांना कागदी म्हणत आणि त्यांचा माल ‘जुन्नरी’ या नावाने ओळखला जाई. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हा धंदा उतरणीला लागला होता. गिरण्यांच्या स्वस्त कागदापुढे त्याचा टिकाव लागला नाही.

कागद्यांची रीत थोडक्यात अशी होती. जुने गोणपाट, दोरखंड आणि टाकाऊ कागद यांचे तुकडे करून ते भिजवत, चुन्यात मुरू देत, पायाने चालवायच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटत आणि नदीच्या वाहत्या पाण्यात धूत. कुटणे, चुना घालणे आणि धुणे यांच्या फेऱ्या तंतू पुरेसे मोकळे होईपर्यंत चालत. नंतर हा लगदा पाण्याच्या हौदात ढवळून त्यात बारीक काड्यांची चटई पसरलेला साचा बुडवून वर उचलला की पाणी निथळून तंतूंचा पातळ थर चटईवर राहत असे. तो थर काढून, दाबून, भिंतीवर चिकटवून वाळवत आणि वाळलेल्या तावाला पिठाची खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. खळीमुळे शाई पसरत नाही आणि घोटल्यामुळे बोरूची लेखणी अडखळत नाही, हा या शेवटच्या दोन क्रियांचा उद्देश होता. टिकाऊपणाचे रहस्य मात्र त्यांच्या आधीच्या क्रियांत आहे. गोणपाटातील तागाचे किंवा अंबाडीचे तंतू लांब असतात आणि अशा कुटण्याने ते फारसे तुटत नाहीत, तसेच चुन्याचा काही अंश धुऊनही तंतूंमध्ये शिल्लक राहतो व हवेच्या संपर्काने त्याचे खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. कागदात पुढे जे आम्ल निर्माण होते किंवा बाहेरून शिरते ते हा साठा परस्पर निष्प्रभ करतो. कागद्याने चुना घातला तो तंतू सैल करण्यासाठी. त्याने नकळत पुढच्या कित्येक पिढ्यांची तरतूद करून ठेवली होती.

यंत्राच्या कागदाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात कागदाला सरसाऐवजी राळ आणि तुरटी यांचे मिश्रण देण्याची पद्धत निघाली आणि शतकाच्या मध्यापासून चिंध्यांच्या जागी दळलेल्या लाकडाचा लगदा वापरात येऊ लागला. तुरटीपासून कागदात आम्ल तयार होते आणि लाकडातील लिग्निन नावाचा घटक प्रकाश व हवा यांमुळे पिवळा पडून त्यात भर घालतो. कागदाचा मूळ घटक असलेला सेल्युलोज हा साखरेच्या कणांची लांब साखळी असतो; आम्ल ती साखळी जागोजाग तोडत जाते आणि तंतू आखूड झाले की पान ठिसूळ होते. म्हणून कोणत्याही तालुक्याच्या जुन्या वाचनालयात संवर्धकाची नजर आधी पोथ्यांकडे न जाता महायुद्धाच्या टंचाईतील निकृष्ट कागदावर छापलेल्या कादंबऱ्या, नाटके आणि मासिके यांच्याकडे जायला हवी. पोथीला वेळ आहे, त्या पुस्तकांना तो फारसा नाही. ग्रंथालयांच्या व्यवस्थापनात मात्र ही क्रमवारी बहुधा उलटी लावली जाते आणि जे सर्वांत जुने दिसते त्यालाच आधी निधी मिळतो, ही गोष्ट दुर्दैवाची आहे.

कागदाइतकेच शाईचेही ज्ञान आवश्यक असते. मोडी दप्तरांतील जुनी शाई बहुतेक वेळा काजळ आणि बाभळीचा डिंक यांची असते. काजळ हा शुद्ध कार्बन असल्यामुळे तो उडत नाही, फिकट होत नाही आणि कागदाला इजा करत नाही. पण त्याला कागदाशी बांधून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल लागली की अक्षर पसरू शकते. दुसरा प्रकार टॅनिनयुक्त फळे आणि हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, यांपासून केलेल्या शाईचा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे आजही जो हिरडा गोळा करून विकतात, त्यातही हेच टॅनिन असते. युरोपात हिरड्याच्या जागी ओकच्या झाडावरील गाठी वापरत आणि इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत टाकाने लिहिण्याची जी निळी-काळी शाई आली ती याच जातीची होती. या शाईतील आम्ल आणि मोकळे लोह कागदाला आतून जाळत जातात, इतके की काही नोंदवह्यांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे छिद्र उरते. असा कागद साध्या पाण्यात घातला तर लोह विरघळून आसपासच्या कोऱ्या जागेतही पसरते आणि दुखणे वाढते. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात यावर कॅल्शियम फायटेटच्या द्रावणाचा उपाय विकसित झाला. फायटेट मोकळ्या लोहाला बांधून टाकते आणि त्यानंतर दिलेले कॅल्शियम बायकार्बोनेट आम्ल घालवते. तिसरा धोका रंगांचा. पोथ्यांत चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लावलेली पिवळी हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे आणि शीर्षकांसाठी वापरलेल्या हिंगुळात पारा असतो, त्यामुळे अशी पाने हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय घासणे धोक्याचे असते.

एवढे ज्ञान घेऊन संवर्धक टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्या कामाचा पहिला मोठा भाग पाहण्याचा आणि लिहून ठेवण्याचा असतो. कागद आला त्या स्थितीत त्याची छायाचित्रे घेतली जातात, तिरप्या प्रकाशात घड्या व फुगवटे आणि मागून दिलेल्या प्रकाशात तंतूंची घनता, चटईच्या काड्यांच्या खुणा व विरळ जागा तपासल्या जातात, पाने मोजून त्यांचा क्रम नोंदवला जातो. शाईच्या एखाद्या कमी महत्त्वाच्या रेघेवर सुईच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब ठेवून त्यावर टिपकागद दाबला जातो. टिपकागदावर रंग उतरला तर त्या कागदाला पाणी वर्ज्य. आम्लता मोजण्यासाठी पृष्ठभागावर ओलसर निदर्शक पट्टी ठेवतात. मग मऊ कुंचल्याने, आणि कागदाला सोसत असेल तर खोडरबराच्या चुऱ्याने, धूळ, काजळी आणि कीटकांची विष्ठा काढली जाते. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या माळ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या दप्तरांत हे कोरडे साफसफाईचे कामच सर्वांत जास्त वेळ खाते. ते कंटाळवाणे वाटते, पण पाण्यापूर्वी जी धूळ निघाली नाही ती पाण्याबरोबर तंतूंत कायमची रुतून बसते.

जुन्नरी कागदावरील दस्तऐवजांत आणखी एक अडचण असते. सनदा, महजर, म्हणजे गोतसभेने दिलेले निवाड्याचे पत्र, आणि मोठे हिशेब हे एकाखाली एक कागद चिकटवून केलेल्या लांब पट्टीवर लिहिले जात आणि मध्येच एखादा तुकडा बदलता येऊ नये म्हणून सांध्यावर, पुष्कळदा पाठच्या बाजूने, शिक्का उमटवला जाई. पाठीवर पोहोचल्याची तारीख किंवा दप्तरातील नोंदीही असतात. त्यामुळे जीर्ण कागदाला मागून संपूर्ण अस्तर लावून मोकळे व्हावे, ही सर्वांत सोपी वाटणारी दुरुस्ती येथे पुराव्याचाच नाश करते. सांध्याची जुनी खळ सुटत असेल तर संवर्धक दोन्ही तुकडे शिक्क्याच्या रेषा जुळवून पुन्हा त्याच जागी बसवतो. ते वेगळे झाले असतील तर कोणत्या खुणांवरून जोडले हे तो अहवालात नोंदवतो, कारण कागदाचे वय आणि खरेपणा पुढे कधी न्यायालयात तपासला गेला तर त्या नोंदीला महत्त्व येते.

पाण्यात घालण्याजोगा कागद असेल तेव्हा मात्र त्याचा परिणाम विलक्षण असतो. सपाट तबकात, आधाराच्या कृत्रिम जाळीवर ठेवलेला आम्लयुक्त कागद कोमट पाण्यात सोडला की काही वेळातच पाणी चहासारखे तांबूस होते. ऱ्हासातून तयार झालेली विद्राव्य आम्ले आणि रंगद्रव्ये बाहेर पडतात, सुकलेले तंतू फुगतात आणि वाळताना एकमेकांशी नव्याने बांधले जातात, त्यामुळे कागदाला गेलेली लवचिकता काही प्रमाणात परत मिळते. त्यानंतर निराम्लीकरण, म्हणजे उरलेले आम्ल घालवून कागदात क्षाराचा साठा ठेवण्याची क्रिया येते. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेल्या पद्धतीत कागद प्रथम चुन्याच्या निवळीत आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बुडवला जाई. चुना पाण्यात फार थोडा, लिटरला साधारण दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतो, पण ही निवळी चांगलीच तीव्र असल्यामुळे हल्ली ती सौम्य करून वापरतात. प्रयोगशाळेतील ही क्रिया आणि नदीकाठच्या कागद्याचे चुन्यात तंतू मुरवणे यांचे रसायन एकच आहे, आणि यंत्राच्या कागदाला जे मिळाले नाही तेच संवर्धक त्याला उशिरा देत असतो.

ज्या कागदात हा चुना मुळातच आहे तो मात्र पाण्यात घालण्याची घाई करू नये, असे येथे आवर्जून सांगायला हवे. जुन्नरी तावाची घोटीव चकाकी हा त्याच्या पृष्ठभागाचा गुण आहे. पाण्याने खळ मऊ होते, तंतू फुगतात आणि ती चकाकी कायमची जाते. अक्षरे पक्की असोत वा नसोत, असा कागद कोरड्याने साफ करून दमट हवेत हळूहळू मोकळा करणे आणि टिपकागद व वजन यांखाली सपाट करणे हेच पुष्कळदा पुरेसे असते. कमीत कमी हस्तक्षेप आणि केलेले पुन्हा उलटवता येईल अशी दुरुस्ती, ही या विद्येची दोन मूलतत्त्वे आहेत, आणि चांगला संवर्धक त्याने काय केले यापेक्षा काय करण्याचे टाळले यावरून ओळखला जातो.

फाटलेल्या जागा जोडण्यासाठी तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला जपानी टिश्यू कागद वापरतात. तो अतिशय पातळ असूनही त्याचे तंतू लांब असतात आणि तो कात्रीने न कापता ओलसर रेषेवर ओढून फाडला की त्याच्या कडेला सुटे तंतू राहतात, जे मूळ कागदात बेमालूम मिसळतात. चिकटवण्यासाठी गव्हाच्या निव्वळ पिष्टाची, म्हणजे मैद्यातील चिकट प्रथिन काढून उरलेल्या सत्त्वाची, मंद आचेवर शिजवून चाळणीतून गाळलेली खळ लागते. ही खळ कितीही वर्षांनी पाण्याने सोडवता येते, हा तिचा मोठा गुण. कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत असत, पण तांब्याची संयुगे कागदाला अपायकारक असल्यामुळे ती पद्धत मागे पडली. कीटकांनी पोखरलेल्या पानांसाठी पान भरणीचे यंत्र वापरता येते: त्यात पान जाळीवर ठेवून वर तंतूमिश्रित पाणी सोडतात आणि पाणी खाली ओढले की तंतू नेमके छिद्रांतच साचतात. हौद, लगदा आणि चाळण या तिन्ही गोष्टी येथे परत येतात.

उलटवता न येणाऱ्या दुरुस्त्यांनी जे नुकसान केले आहे ते कीटकांच्या नुकसानीपेक्षा कमी नाही. दप्तरखान्यांत कागदांना दोन्ही बाजूंनी झिरझिरीत रेशमी शिफॉन लावण्याची पद्धत होती. काही दशकांतच ते रेशीम पिवळे पडून चुरगळू लागले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटची पातळ पटले ॲसिटोनच्या साहाय्याने हातानेच चिकटवण्याची पद्धत विकसित झाली. वीज व महागडी यंत्रे नसलेल्या ठिकाणी ती सोयीची असल्यामुळे भारतभर पसरली, पण त्या पटलांचाही कालांतराने ऱ्हास होतो हे नंतर ध्यानात आले. आज याहून वाईट प्रकार सर्रास घडतो. घराण्याची सनद किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ‘कायमचा टिकावा’ म्हणून तालुक्याच्या दुकानात नेऊन उष्णतेने प्लास्टिकमध्ये बंद केला जातो. त्यातील गोंद तंतूंत शिरतो, आतले आम्ल आतच कोंडले जाते आणि तो कागद अखंड बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. पारदर्शक चिकटपट्टीही अशीच घातक असते, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग सोडून कागदात उतरतो. घरातील मौल्यवान कागदासाठी याहून सोपा व निर्धोक उपाय म्हणजे तो पॉलिएस्टरच्या दोन स्वच्छ पारदर्शक तावांमध्ये, न चिकटवता, ठेवणे.

हवामानाचा विचार जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वेगळा करावा लागतो. नाणेघाट, भीमाशंकर आणि आहुपे यांच्या बाजूस पावसाळ्याचे चार महिने ढग आणि पाऊस यांचा मुक्काम असतो, तर मंचर, नारायणगाव आणि त्यापुढील पूर्व पट्टा बराच कोरडा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सलग ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते, आणि पूर्ण भिजलेल्या कागदावर ती साधारण दोन दिवसांत दिसते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे आर्नो नदीच्या पुरात लाखो ग्रंथ भिजले तेव्हा जगभरातून आलेल्या बांधकारांनी व अभ्यासकांनी जे अनुभव घेतले त्यांतून आधुनिक ग्रंथसंवर्धन आकाराला आले. ओले ग्रंथ सर्वच्या सर्व एकदम वाळवता येत नसतील तर ते गोठवून ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो, हा पुढे रूढ झालेला नियम आहे. गावात गळक्या कौलांखाली दप्तर भिजले तर उन्हात टाकण्याची प्रवृत्ती असते. तसे न करता पाने सावलीत, पंख्याच्या हलत्या हवेत, कोरे कागद मध्ये घालून सुकवावीत, कारण उन्हाने कागद आक्रसतो आणि रंग उडतात.

कीटकांत वाळवी सर्वांत विध्वंसक, पण सर्वांत चिवट शत्रू म्हणजे खळीवर आणि घोटीव पृष्ठभागावर जगणारी चंदेरी कसर. कागद्याने शाईसाठी दिलेली खळ हेच तिचे अन्न असल्यामुळे जुन्नरी कागदावर तिचे खरवडल्यासारखे चट्टे नेहमी आढळतात. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला बासनात ठेवण्याची जुनी पद्धत काही अंशी उपयोगी आहे, पण वास उडाला की तिचा गुण संपतो आणि वाळलेला पाला तसाच राहिला तर तोच कीटकांचा आसरा होतो. पूर्वी बंद कपाटात थायमॉल किंवा पॅराडायक्लोरोबेन्झीनची धुरी देत. ही रसायने माणसालाही अपायकारक असल्यामुळे आता हवाबंद पिशवीतील प्राणवायू काढून टाकणे किंवा उणे २० अंशांखाली काही दिवस गोठवणे हे उपाय पसंत केले जातात. नियमित झाडलोट, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेले कपाट आणि महिन्यातून एकदा उघडून पाहिलेले दप्तर यांनी मात्र यांपैकी बहुतेक उपायांची वेळच येत नाही.

या भागातील कागद फक्त संस्थांत नाहीत. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली तरी गावोगावच्या कुलकर्ण्यांची दप्तरे पुष्कळदा त्या घराण्यांकडेच राहिली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी असे कागद गावोगाव हिंडून मिळवले म्हणूनच मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन वेगळ्या पायावर उभे राहिले. त्यांनी १९१० मध्ये स्थापनेत पुढाकार घेतलेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर सांभाळणारे पुण्याचे पुराभिलेखागार येथे असे कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेले आहेत. आंबेगावच्या बाबतीत त्यांना आणखी एक मोल आहे, कारण तालुक्याला ज्याने नाव दिले ते मूळ गावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि त्याच्या शेताबांधांच्या, देवस्थानांच्या व घराण्यांच्या जुन्या खुणा आता कागदांतच शोधाव्या लागतात. २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा तहसील कचेऱ्यांतील आणि शाळांतील मोडी नोंदवह्यांना अचानक मागणी आली. कित्येक दशके न उघडलेल्या वह्या घाईने उलगडून, काचेवर दाबून प्रती काढल्या जातात तेव्हा घडीवर तुटलेल्या पानाचे तुकडे त्याच वेळी लिफाफ्यात घालून पानाचा क्रमांक लिहून ठेवणे, एवढी काळजी तरी प्रत्येक कचेरीत घेतली गेली पाहिजे.

अंकीकरणाने, म्हणजे कागदाची संगणकीय प्रतिमा घेऊन ठेवल्याने, हाताळणी कमी होते आणि म्हणून ते संवर्धनाचेच अंग आहे. परंतु प्रतिमा मिळाल्यावर मूळ कागदाकडे दुर्लक्ष करावे असे मानणे चूक आहे. जुन्नरी ताव प्रकाशासमोर धरला की चटईच्या काड्यांच्या बारीक समांतर रेषा आणि त्या बांधणाऱ्या दोऱ्यांच्या आडव्या खुणा दिसतात. त्या रेषा सेंटिमीटरमागे किती आहेत, दोऱ्यांतील अंतर किती आहे, तंतू तागाचे की अन्य कशाचे, यांवरून एकाच साच्यावर निघालेले ताव ओळखता येतात आणि तारीख नसलेल्या कागदाचा काळ व ठिकाण ठरवण्यास मदत होते. साध्या छायाचित्रात यांतील काहीच येत नाही. म्हणूनच कडा कितीही वेड्यावाकड्या आणि कुरतडलेल्या असल्या तरी संवर्धक त्या कापून सरळ करत नाही. तावाची मूळ कड शिल्लक असेल तरच साच्याचा आकार मोजता येतो, आणि तो आकार मोजण्याची गरज पुढच्या कोणत्या अभ्यासकाला पडेल हे आज सांगता येत नाही.